नर्मदा परिक्रमेला पहिल्यांदा निघताय? मग आधी आसन लावायला शिका

ओंकारेश्वरहून निघाल्याच्या तिसऱ्या संध्याकाळी एका आश्रमात पोचले, पाय सुजलेले, पाठीला बॅगेचे वळ, आणि तिथले बाबा म्हणाले, "माताजी, पहले आसन लगा लो, फिर चाय पियो." आता मी वाईची, घाटावरच्या योगवर्गाला बरीच वर्षं जाणारी, मला वाटलं बाबा पाय मोकळे करायला सांगतायत, मी मुकाट्यानं वज्रासनात बसले. सोबतचे काका पोट धरून हसले. काठावर आसन लावणं म्हणजे आपलं कांबळं पसरून रात्रीपुरती जागा धरणं, बाकी काही नाही!

हे आधी सांगितलं कारण आल्यापासून रोज एकतरी फोन येतो की मावशी आम्हाला पण जायचंय काय काय लागतं, आणि प्रत्येकाला बॅगेची यादी हवी असते. यादी देतेच, पण परिक्रमा म्हणजे नेमकं काय हे कळलं नाही तर ती यादी वाढत जाते, आणि वाढलेली यादी तुम्हालाच पाठीवर वाहायची असते.

परिक्रमा म्हणजे काय

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भरूचच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते, लांबी १३१२ किलोमीटर. नदी कायम उजव्या हाताला ठेवून एका काठानं समुद्रापर्यंत आणि दुसऱ्या काठानं उगमापर्यंत असं सगळीला प्रदक्षिणा घालून निघालो तिथं परत यायचं. मधे कुठंही नर्मदा ओलांडायची नाही. उपनद्या ओलांडल्या तर चालतं. मार्कंडेय ऋषींनी म्हणे उपनद्याही ओलांडल्या नाहीत, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घालून गेले, पण ते मार्कंडेय, त्यांना चिरंजीव होण्याचा वर होता, आपल्याला रजा शिल्लक बघावी लागते.

ओलांडायचं का नाही हे मला खूप दिवस कळत नव्हतं. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थच पार होण्याची जागा, उतार, घाट. आणि इथं तर पार व्हायलाच बंदी. मग एकदा डोक्यात आलं की आपण शंकराच्या देवळात काय करतो, पिंडीचं पाणी जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडत नाही, तिथून मागं फिरतो. नर्मदा तर शंकराची मुलगी, शांकरी, त्याच्या घामातून आलेली. म्हणजे अमरकंटक ते समुद्र हे सगळं एक देऊळ धरलं तर ही नदी म्हणजे त्यातलं सोमसूत्र. हे मी शास्त्रात वाचलेलं नाही, चालता चालता सुचलं, पण तेव्हापासून प्रत्येक पुलापाशी पाय आपोआप थबकायला लागला.

पुराणात म्हटलंय की सरस्वतीचं पाणी तीन दिवसांत पावन करतं, यमुनेचं सात दिवसांत, गंगेचं लगेच, आणि नर्मदेचं नुसतं दर्शन पुरतं. त्यामुळं काठावर कुणी तुमच्या डुबक्या मोजत नाही. चालत राहा, ती दिसत राहिली पाहिजे एवढंच.

कधी, कुठून, किती दिवस

चातुर्मासात चालत नाहीत. कार्तिकी एकादशी-पौर्णिमा झाली की माणसं बाहेर पडतात. जुनी पद्धत ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांची, त्यात पावसाळ्यात एका जागी थांबून राहायचं. आता बहुतेक लोक चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात. दोन्ही काठ मिळून २६०० किलोमीटरच्या वर होतात आणि धरणांच्या पाण्यामुळं वळसे पडतात ते वेगळेच, त्यामुळं प्रत्यक्षात चालणं बऱ्याचदा तीन हजारांच्या पुढं जातं. नोव्हेंबरात निघालात की मार्च-एप्रिलच्या उन्हाआधी जास्तीत जास्त अंतर काटता येतं.

सुरुवात कुठूनही करता येते. अमरकंटक, जबलपूरचा ग्वारीघाट, नर्मदापुरम, नेमावर, कुठंही. आपल्याकडचे लोक जास्त करून ओंकारेश्वरहून निघतात कारण यायला सोपं आणि पूर्ण झाल्यावर जल ज्योतिर्लिंगाला चढवता येतं. ओंकारेश्वरहून निघालात की दक्षिण काठानं पश्चिमेकडे, समुद्र, मग उत्तर काठानं पूर्वेकडे अमरकंटक, आणि पुन्हा दक्षिण काठानं खाली.

एवढा वेळ नसेल तर? खंड परिक्रमा करा, म्हणजे रजा असेल तेवढं चालायचं, जिथं थांबलात ती जागा लक्षात ठेवायची, पुढच्या वर्षी तिथूनच पुढं. किंवा चैत्रात गुजरातमधे उत्तरवाहिनी परिक्रमा असते, तिथं नदी थोडं अंतर उत्तरेकडे वाहते, रामपुऱ्याहून निघून होडीनं तिलकवाड्याकडे जायचं आणि दुसऱ्या काठानं परत यायचं, साधारण वीस किलोमीटर, एका दिवसात होतं. होडीनं पलीकडे जाणं हा त्या छोट्या परिक्रमेचा रिवाज आहे. नवख्यांनी आधी ही करून बघावी असं माझं स्पष्ट मत आहे, पण रविवार टाळा, गर्दी फार. आणि बसनं परिक्रमा करणाऱ्यांना कमी लेखू नका, माझ्या सासूबाईंनी सत्तरी उलटल्यावर बसनं केली आणि घाटाघाटावर त्या माझ्यापेक्षा जास्त रमल्या होत्या.

घरची तयारी

तीन महिने आधीपासून रोज चाला, आणि शेवटचा महिना बॅग घेऊनच चाला. नुसतं मोकळ्या हातानं बागेत दहा हजार पावलं टाकून काही उपयोग नाही, रस्त्यावर तिसऱ्या दिवशी कळतं. माझी चूक सांगते, मी निघायच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घेतले. अंगठ्याची दोन्ही नखं काळी पडली आणि पुढं गळून गेली. बूट एक नंबर मोठे घ्या, दोन महिने वापरून मऊ करा, सोबत साधी चप्पल ठेवा.

बॅग पाच-सहा किलोच्या वर नको. दोन जोड पांढरे किंवा फिके कपडे, स्वेटर आणि कानटोपी (डिसेंबर-जानेवारीत काठावर बोचरी थंडी असते, फसू नका), एक कांबळं किंवा हलकी स्लीपिंग बॅग, खाली टाकायला प्लॅस्टिकचा कागद, ताट-वाटी-लोटा, टॉर्च, पॉवरबँक, सुईदोरा, व्हॅसलीन, ओआरएस, क्रेप बँडेज, तुमची नेहमीची औषधं. आधार कार्ड, त्याच्या चार झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. हातात काठी, तिला तिथं दंड म्हणतात, कुत्र्यांपासून चिखलापर्यंत सगळीकडे कामाला येते. शुगर-बीपी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, मैया (काठावर नर्मदेला असंच म्हणतात) बघून घेईल असं म्हणून गोळ्या घरी ठेवणारे मी पाहिलेत आणि त्यांना परत पाठवायची धावपळ दुसऱ्यांनाच करावी लागली.

पैसे थोडेच ठेवा. परंपरेत तर ठेवायचेच नाहीत, पण तालुक्याच्या गावात एटीएम असतं, काळजी नको.

संकल्पाचा दिवस

ओंकारेश्वरचं देऊळ मांधाता बेटावर आहे, म्हणजे तिथं जायचं तर पूल ओलांडावा लागतो. त्यामुळं दर्शन संकल्पाच्या आधी उरकून घ्या. संकल्प घेतला की तुम्ही दक्षिण काठाचे, मग तुम्हाला याच काठावरचा ममलेश्वर, पलीकडचा ओंकारेश्वर परिक्रमा पूर्ण झाल्यावर. नवीन माणसं हमखास इथं गोंधळतात, उत्साहात आधी संकल्प घेतात आणि मग पुलाच्या तोंडाशी उभं राहून हळहळतात.

घाटावर क्षौर (पुरुष करतात), स्नान, पूजा, कन्यापूजन, आणि शिरा करून मैयाला नैवेद्य, त्याला कढाई म्हणतात. एका छोट्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घ्यायचं. इथून पुढं ती बाटली म्हणजेच मैया. रोज सकाळ-संध्याकाळ तिची पूजा-आरती, बरेच जण नर्मदाष्टक म्हणतात, तेवढं पाठ करून जा. परिक्रमावासी असल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते जपा, पुढं ठिकठिकाणी त्यावर किंवा वहीत शिक्के घेता येतात आणि अनोळखी गावात ओळख पटवायला तोच कागद उपयोगी पडतो.

काठाची भाषा

हे चार शब्द आले की तुमचं अर्धं काम झालं. नमस्कार, हॅलो, थँक्यू, बाजूला व्हा, मी आलोय, या सगळ्याला एकच शब्द, "नर्मदे हर". "कितनी मूर्ति हो?" म्हणजे तुम्ही किती जण आहात. पहिल्यांदा मला वाटलं मूर्ती विकायला आलोय असं समजतायत, पण नाही, परिक्रमावासी म्हणजे चालती मूर्ती. सकाळचा चहा-नाश्ता म्हणजे बालभोग, जेवण म्हणजे भोजनप्रसादी. सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा, पीठ-डाळ-तांदूळ-मीठ देतात, चूल पेटवून तुम्ही शिजवायचं. सोबत कुणाला तरी जाड टिक्कड थापता येत असेल तर त्याला सोडू नका.

दिवस असा जातो. पहाटे उठून स्नान-पूजा, उजाडलं की चालायला सुरुवात, दुपारी कुठंतरी प्रसादी आणि तासभर आडवं होणं, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम. अंधारात चालू नका. रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर पुष्कळ झाले, पहिल्या आठवड्यात बारा-पंधराच ठेवा.

नदीत साबण लावायचा नाही, कपडे बाहेर पाणी काढून धुवायचे. आणि पोहायचं नाही, हा नुसता धार्मिक नियम समजू नका. धरणांच्या खाली पाणी अचानक वाढतं. २००५ च्या एप्रिलमधे धाराजीच्या यात्रेत इंदिरासागरमधून सोडलेल्या पाण्यात झोपलेले भाविक वाहून गेले होते. म्हणून पात्रातल्या वाळूवर, खडकावर रात्रीचा मुक्काम कधीही नको, कितीही रम्य दिसलं तरी. गुजरातमधे धरणाच्या आसपास मगरी आहेत, गावकरी जिथं अंघोळ करतात तिथंच करा.

मागायची लाज

हे सगळ्यात अवघड, पायांपेक्षा अवघड. आयुष्यभर नोकरी केलेल्या, स्वतःचं घर असलेल्या माणसाला कुणाच्यातरी ओसरीवर जाऊन "नर्मदे हर, रात को रुक सकते हैं क्या" असं विचारायचं म्हणजे घशात आवंढा येतो. पहिले दोन दिवस मी बिस्किटं खाऊन काढली. तिसऱ्या दिवशी एका झोपडीतली बाई स्वतःच बाहेर आली, हात धरून आत नेलं, तिच्याकडे साखर नव्हती आणि दूध नव्हतं, गुळाचा काळा चहा दिला आणि माझ्याच पाया पडली. मला इतकं ओशाळं झालं की काय सांगू.

योगसूत्रात तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या तिघांना मिळून क्रियायोग म्हटलंय. आमच्या वर्गात हे सूत्र दर गुरुपौर्णिमेला म्हणायचे. तप म्हणजे चालणं, हे सोपं आहे, शरीर आठवड्याभरात सरावतं. स्वाध्याय म्हणजे जप, तोही होतो. मी चार पावलांत श्वास आत घेताना "नर्मदे" आणि चार पावलांत सोडताना "हर" असं धरलं होतं, कुणी शिकवलेलं नाही, पण चढावर दम लागायचा बंद झाला आणि दुपारपर्यंत डोक्यातली बडबड पण बंद व्हायची. ईश्वरप्रणिधान मात्र वर्गात बसून कळत नाही. रात्री कुठं झोपायचं माहीत नाही, काय मिळेल माहीत नाही, आणि तरी झोप लागते, तेव्हा थोडं कळतं. अपरिग्रहाचंही तसंच, बॅगेतून रोज काहीतरी काढून कुणालातरी देऊन टाकावंसं वाटायला लागतं, आधी वजनामुळं, मग नुसतंच.

हठयोगप्रदीपिकेत इडा नाडीला गंगा आणि पिंगळेला यमुना म्हटलंय, म्हणजे बाहेरची नदी आणि आतली नाडी यांची सांगड जुनी आहे. काठावरचे लोक ग्रंथ न वाचता तेच बोलतात. नेमावरला मैयाचं नाभीस्थान मानतात, म्हणजे उगमापासून समुद्रापर्यंत ती एक आडवी पहुडलेली बाई आणि आपण तिच्या अंगाभोवती मुंगीसारखे चाललोय. आम्ही वाईकर कृष्णेला कृष्णाबाई म्हणतो, तिचा उत्सव करतो, त्यामुळं मला हे परकं वाटलं नाही.

आणि योगसूत्रातलं "स्थिरसुखमासनम्", स्थिर आणि सुखाचं ते आसन, तिथंही आसन म्हणजे मुळात बसायची जागा, बैठक. कांबळं पसरलं, बाटली उशाशी ठेवली, नर्मदे हर म्हटलं की ती दोन हात जागा तुमचं घर. गोठ्यात, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, कुठंही. अंग सैल सोडून तिथं झोपता आलं की आसन जमलं म्हणायचं.

दोन अवघड टप्पे

ओंकारेश्वरहून दक्षिण काठानं निघाल्यावर सुरुवातीचा निमाडचा भाग सोपा आणि प्रेमळ आहे. रावेरखेडी लागते, थोरले बाजीराव तिथं २८ एप्रिल १७४० ला गेले, समाधी नदीकाठीच आहे, मराठी माणूस तिथं दोन मिनिटं थांबतोच. बकावाँला घरोघरी नर्मदेच्या दगडाच्या पिंडी घडवताना दिसतात. आपल्याकडे नर्मदेतला गोटा म्हणजे पाण्यात राहून कोरडा राहिलेला माणूस, तिथं मात्र म्हणतात नर्मदेचा कंकर तोच शंकर. एकाच दगडाबद्दल काय काय म्हणावं माणसांनी!

बडवानीनंतर शूलपाणीची झाडी. पूर्वी इथं भिल्ल परिक्रमावासींना लुटायचे, अंगावर लंगोटी ठेवायचे, आणि त्यांना मामा म्हणायची पद्धत, कारण मैयाचे भाऊ. आता तसं राहिलेलं नाही, उलट याच डोंगरातल्या पाड्यांवर सगळ्यात जास्त आपुलकीनं विचारपूस होते. सरदार सरोवराच्या पाण्यात झाडीचा मोठा भाग गेला, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळही गेलं, नवीन गोऱ्याला बांधलंय. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं त्या पाण्याखाली आली. चालताना लोक बोटानं पाण्याकडे दाखवून सांगतात, तिथं आमचं शेत होतं. ऐकून घ्या, घाई करू नका. वाट डोंगराची आहे, एकट्यानं जाऊ नका, झेपत नसेल तर शहादा-प्रकाशा असा सडकेचा रस्ता आहे, त्यात कमीपणा नाही.

दुसरा टप्पा समुद्राचा. गुजरातमधे हांसोटच्या पुढं कठपोर-विमलेश्वरच्या बाजूनं होडीनं पलीकडे मिठी तलाईला जायचं, ओलांडायला परवानगी फक्त इथं, कारण इथं ती नदी राहिलेली नसते. होडी भरतीवर सुटते, तुमच्या घड्याळावर नाही, त्यामुळं एखादा दिवस थांबायची तयारी ठेवा, कधी मध्यरात्री उठवतात. प्यायचं पाणी भरून घ्या, उलटीची गोळी आधीच घ्या, बॅग प्लॅस्टिकमधे गुंडाळा, आणि चिखलातून चढ-उतार असतो म्हणून पँट गुडघ्यापर्यंत वर. आमच्या होडीत सगळे पहिली दहा मिनिटं जोरजोरात भजन म्हणत होते, मग लाटा सुरू झाल्या आणि सगळे एकदम गप्प.

उत्तर काठावर मराठी माणसाला माहेरासारखी दोन ठिकाणं लागतात, नारेश्वरला रंगावधूत महाराजांचं स्थान आणि पुढं गरुडेश्वर, जिथं माणगावच्या टेंबे स्वामींनी १९१४ मधे समाधी घेतली. तिथं मुक्काम करा, दोन दिवस पाय शेकून घ्या. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर संध्याकाळ काढा. अमरकंटकबद्दल एवढंच सांगते की उगमाच्या कुंडापाशी सुद्धा नियम तोच, तिला उजवीकडे ठेवून माईकी बगिया नावाच्या बागेच्या बाजूनं वळसा घालायचा. इतके दिवस जिला भलंमोठं बघत आलो ती तिथं एवढीशी असते की एका ढांगेत ओलांडली जाईल. आणि तीच ढांग टाकायची नसते.

बायकांसाठी थोडं

एकटीनं केलेल्या बायका आहेत, पण पहिल्या वेळी दोघी-तिघी असाव्यात. भीती कमी वाटते यापेक्षा संडासाची सोय शोधताना सोबत लागते म्हणून सांगते. मुक्कामाला पोचल्यावर आधी घरातल्या बाईशी बोला, बुवांशी नंतर. पाळीचे दिवस आले तर बाटलीची पूजा सोबतीणीकडे द्यायची आणि आपण चालत राहायचं, बऱ्याच जणी असंच करतात, मला विचाराल तर मैयाला हे काही नवीन नाही.

पूर्ण झाल्यावर

ज्या घाटावरून निघालात तिथंच येऊन पूजा, पुन्हा कढाई, कन्यांना जेवण, मग बाटलीतलं जल ओंकारेश्वराला. आता पूल ओलांडायचा. माझे पाय पुलाच्या तोंडाशी अडलेच, मागून एक बाई म्हणाली चलो माताजी अब तो छुट्टी है.

घरी आल्यावर बुटांचा कंटाळा येईल, माणसांच्या आवाजाचा त्रास होईल, महिनाभर महत्त्वाचे निर्णय घेऊ नका. पहिले काही दिवस गादीवर झोप लागत नाही. लागली नाही तर कांबळं काढायचं, जमिनीवर पसरायचं, घरचे हसतील, हसू द्या.